पापड वाळेपर्यंत

उडदाचा पापड लाटून झाला म्हणजे निम्मंच काम झालं. उरलेलं निम्मं ऊन आणि वारा करतात. उडदाच्या पिठात मुळातच एक चिकटपणा असतो. त्यामुळे डांगर ताणलं तरी चटकन तुटत नाही आणि लाटी कागदासारखी पातळ लाटता येते. पापडखारानं पीठ मऊ पडतं आणि पापड भाजताना फुलतो. हिंग-मिऱ्यांनी चव येते. हे सगळं जमलं तरी लाटलेल्या पापडात पाणी उरतंच, आणि ते बेतानं घालवावं लागतं. जास्त राहिलं तर बुरशी धरते. अगदीच गेलं तर पापड डब्यातच तडकतो. थोडी ओल मात्र राहायलाच हवी, कारण विस्तवावर धरल्यावर तिचीच वाफ होते आणि पापडाला फोड येतात. पार कोरडा पडलेला पापड फुलण्याआधी करपतो.

१९५९ च्या पावसाळ्यात गिरगावातल्या एका गच्चीवर हे सगळं अडून बसलं. मार्चच्या १५ तारखेला, उन्हाळ्याच्या तोंडावर, लोहाणा निवासमधल्या सात जणींनी तिथे पापड लाटायला घेतले होते. जसवंतीबेन पोपट, पार्वतीबेन ठोदाणी, उजमबेन कुंडलिया, बानूबेन तन्ना, लागूबेन गोकाणी, जयाबेन विठलाणी आणि दिवाळीबेन लुक्का. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले आणि लक्ष्मीदासभाई नावाच्या गृहस्थांचा तोट्यात चाललेला पापडाचा उद्योग चालवायला घेतला. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. तीन महिन्यांत सातांच्या पंचवीस जणी झाल्या. मग पाऊस आला, आणि चार महिने काम बंद ठेवावं लागलं.

‘लिज्जत’ पापडाची ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. सात जणी, ८० रुपये आणि आजची शेकडो कोटींची उलाढाल. मधल्या वर्षांना ‘चिकाटी’ हा एकच शब्द लावून आपण पुढे जातो. मला मात्र त्या बंद पडलेल्या चार महिन्यांपाशी थांबावंसं वाटतं. जेमतेम तीन महिन्यांचा धंदा चार महिने बंद राहतो आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा उभा राहतो, हे घडतं कसं? जिद्द प्रत्येकाकडेच असते, पहिल्या दिवशी तर फारच असते. ती पाचव्या-सातव्या वर्षापर्यंत टिकावी म्हणून धंद्याच्या आत कोणती तजवीज लागते, हे या गच्चीवरून नीट दिसतं.

आधी आकडे पाहू. पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये. बारा महिन्यांवर पसरली तर महिन्याला सुमारे ५१६. पंचवीस जणींवर वाटली तर माणशी महिन्याला वीस रुपये आणि वर काही आणे. ही नुसती विक्री झाली. यातून उडदाचं पीठ, हिंग, मिरी, तेल, कागद हे सगळं वजा व्हायचं. एवढ्यावर कुणाचं घर चाललं नसणार. पण हा उद्योग कुणाच्या घराचा एकमेव आधार म्हणून उभाच केलेला नव्हता. दुपारचा मोकळा वेळ आणि लहानपणापासून हातात बसलेलं एक काम, एवढंच त्यात गुंतलेलं होतं. दुकान घेतलेलं नव्हतं, यंत्र घेतलेलं नव्हतं, पगारी माणूस ठेवलेला नव्हता. पोळपाट-लाटणं पावसाळ्यात भिंतीला टेकून उभं राहिलं तरी ते काही खायला मागत नाही. मला वाटतं, तगून राहण्याचं पहिलं मर्म इथे आहे: बंद राहण्याचा खर्च जवळपास शून्य होता. ज्या धंद्याला थांबायलाही पैसे पडतात, त्याच्या मालकाला कितीही जिद्द असली तरी तिची मुदत त्याचा घरमालक आणि सावकार ठरवतात.

चार महिन्यांच्या या सक्तीच्या चातुर्मासातून निघालेला उपाय मला फार आवडतो. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. पावसाळ्यात पापड वाळत नाही तो हवा दमट असते म्हणून. भरलेल्या हवेला आणखी पाणी पिता येत नाही. तीच हवा तापवली की तिची तहान वाढते. तापलेली हवा वर चढते, पापडांमधली ओल उचलते आणि निघून जाते. मोठ्या कारखान्यात यासाठी वाळवणीची यंत्रं बसवतात. इथे तेच तत्त्व घरगुती सामानात बसवलं, आणि वर्षाचे आठ महिने होते त्याचे बारा झाले. एकदा सापडलेली अडचण पुढच्या वर्षी पुन्हा आडवी येऊ द्यायची नाही, हे त्यांनी केलं. नुसतं वाट पाहत बसणं याहून वेगळं असतं.

छगनलाल पारेख, म्हणजे सगळ्यांचे छगनबाप्पा, यांचा वाटा या टप्प्यावर समजून घेण्यासारखा आहे. सुरुवातीला या बायका दोन दर्जाचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबाप्पांनी स्वस्तातला बंद करायला लावला. एकच पापड करा, तो उत्तम करा, आणि हिशेब चोख ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. सल्ला साधा वाटतो, पण पहिल्या वर्षातल्या कुठल्याही धंदेवाल्याला विचारा, हलका माल काढून टाकणं किती जड जातं. गिऱ्हाईक दारात उभं असतं, त्याला स्वस्त हवं असतं, आणि गल्ल्यात तर काहीच नसतं. मात्र हलक्या मालाचं गिऱ्हाईक दर वेळी नव्यानं मिळवावं लागतं, कारण ते चवीसाठी आलेलं नसतं. जाहिरातीला पैसे नसतील तर गिऱ्हाइकाचं तोंड हीच जाहिरात, आणि त्या तोंडाला दोन वेळा दोन चवी लागून चालत नाही. मोडके पापड त्या शेजारीपाजारी वाटून टाकत.

छगनबाप्पांकडून उसने घेतलेले ते ८० रुपयेही वेगळ्या अर्थानं महत्त्वाचे होते. देणगी घ्यायची नाही, तोटा आला तरी नाही, हे या मंडळींनी सुरुवातीलाच ठरवलं. याकडे आपण स्वाभिमान म्हणून पाहतो, आणि तो आहेच. पण त्यात व्यवहारही आहे. देणगीवर चालणाऱ्या कामात तोटा दिसत नाही, तो देणगीखाली झाकला जातो. उसन्या पैशावर चालणाऱ्या कामात दर महिन्याला कळतं की पापड लाटून आपण कमावतोय की गमावतोय. लांब पल्ला गाठायचा असेल तर हे कळत राहणं फार गरजेचं, नाहीतर माणूस वर्षानुवर्षं चुकीच्याच गोष्टीला चिकटून बसतो.

दुसऱ्या वर्षी दीडशेच्या आसपास बायका झाल्या, तिसऱ्या वर्षी तीनशेच्या वर. आता गच्ची पुरेना. गिरगावात जागा शोधणं आजही सोपं नाही. तेव्हा भाड्यानं मोठी जागा घेतली असती, तर पहिल्या वर्षी ज्या खर्चापासून त्या वाचल्या होत्या तोच खर्च दारात येऊन बसला असता. त्यांनी उलट केलं. जागा वाढवण्याऐवजी पीठ बाहेर पाठवलं. मळलेलं पीठ सभासद बायकांनी घरी न्यायचं, आपापल्या स्वयंपाकघरात लाटायचं, वाळवायचं, आणि पापड परत आणून तोलून द्यायचे. पुढे ‘लिज्जत’ची सगळी घडण ज्या पद्धतीवर झाली ती कुणी आखून काढलेली नव्हती. जागा नव्हती म्हणून ती सापडली.

ही पद्धत आजही जवळपास तशीच चालते. पहाटे शाखेत पीठ मळायला सुरुवात होते. मळणाऱ्या वेगळ्या, तोलणाऱ्या वेगळ्या, तपासणाऱ्या वेगळ्या. सकाळी बायका येतात, कालचे वाळलेले पापड जमा करतात, ते तपासून तोलले जातात, त्याची वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, हातात मिळते आणि आजचं पीठ डब्यात पडतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उडीद, हिंग, मिरी यांची खरेदी मुंबईतल्या मध्यवर्ती कार्यालयातून होते, म्हणून नागपूरचा पापड आणि गिरगावचा पापड एकाच चवीचा लागतो. लाटणं हजारो घरांत वाटलेलं, चव मात्र एका ठिकाणी धरून ठेवलेली. कोणती गोष्ट मोकळी सोडायची आणि कोणती मुठीत ठेवायची, ही निवड फार विचारपूर्वक झालेली दिसते.

यातला पैशाचा फेरा सावकाश पाहा, कारण सगळी टिकाऊ शक्ती तिथे आहे. सभासदाला मजुरी रोजच्या रोज द्यायची, तर विक्रीचे पैसेही अडकून राहता कामा नयेत. म्हणून वितरकाला माल रोखीनं दिला जातो. उधारीवर दिला असता तर खप कदाचित लवकर वाढला असता. पण मग महिना-दोन महिन्यांची उधारी भागवायला तेवढंच भांडवल बाहेरून आणावं लागलं असतं, त्यावर व्याज, आणि एखादा मोठा व्यापारी बुडाला की शेकडो घरांची मजुरी तटली असती. रोखीच्या नियमामुळे वाढ सावकाश झाली, पण जेवढी झाली तेवढी आपल्याच पैशावर उभी होती.

याच्या अगदी उलट फेरा त्याच शहरात, दोन-तीन मैलांवर, लालबाग-परळच्या गिरणगावात चालू होता. कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो गिरणी कामगार एकटे राहत. एका खोलीत पाळ्या लावून झोपत आणि आसपासच्या एखाद्या बाईच्या घरी जेवत. ही खानावळवाली. तिच्या हाताला चव होती, गिऱ्हाईक बांधलेलं होतं, मेहनत पहाटेपासून रात्रीपर्यंत होती. तरी ती वर्षानुवर्षं तिथल्या तिथेच राहायची. कारण कामगाराचा पगार महिन्यातून एकदा व्हायचा आणि डाळ-तांदूळ मात्र रोज आणावे लागत. नीट समजावं म्हणून कल्पनेतले आकडे घेऊ. समजा पंधरा जेवणारे आहेत आणि रोजचा शिधा ३० रुपयांचा लागतो. महिन्याला ९०० रुपये आधी घालायचे. पगाराला प्रत्येकाकडून ७५ मिळाले, म्हणजे ११२५. उरले २२५, तिच्या महिनाभराच्या राबण्याचे. पण ते ९०० तिनं महिन्याच्या सुरुवातीला सावकाराकडून शेकडा दहानं उचललेले असतील तर ९० रुपये व्याजात गेले. नफ्याचा चाळीस टक्के वाटा, मंगळसूत्र गहाण ठेवून. अशी बाई वीस वर्षं चिकाटीनं स्वयंपाक करील आणि एकविसाव्या वर्षीही तेवढीच कर्जात असेल. तिच्या चिकाटीत काही खोट नव्हती. खोट त्या तीस दिवसांच्या फटीत होती.

गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते ही फट बुजवण्यासाठी. पहिल्या गटातल्या चौदा जणींना बँक ऑफ बडोदाकडून कर्ज मिळालं. तारण ठेवायला काही नसलेल्या, सही करतानाही हात थरथरणाऱ्या बायकांना एका राष्ट्रीयीकृत बँकेनं दारात घेतलं, आणि त्यांनी एकमेकींची हमी घेतली. सावकाराचं व्याज गेलं, एवढा एकच बदल. पण त्यानं स्वयंपाक करणारीच्या कष्टाला साठण्याची सोय झाली. आज वाचलेला रुपया उद्याच्या शिध्यात जाऊ लागला. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, कामगार गावी परतले आणि खानावळीचे पाट रिकामे झाले. तो घाव बँकेच्या कर्जानं भरून येणारा नव्हता, कारण गिऱ्हाईकच उठून गेलं होतं. काही गोष्टी कितीही नीट बांधल्या तरी बाहेरचं जग त्या मोडू शकतं, हे गिरणगावाइतकं कुणाला कळलं नसेल.

चिकाटीचा विषय निघाला की दादासाहेब फाळके आठवतातच, आणि त्यांची जागाही हीच. गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि झपाटले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठलं, कॅमेरा आणला. भांडवल द्यायला कुणी तयार होईना तेव्हा त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोपटं होताना टिपलं, दिवसेंदिवस थांबून थोडं थोडं. पडद्यावर ते भराभर वाढलेलं पाहून पैसे मिळाले. दादरला घरातच स्टुडिओ झाला. सरस्वतीबाई दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत आणि रात्री फिल्मला भोकं पाडत. त्यांचे दागिनेही या कामी आले. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि चालला. मला फाळक्यांबद्दल अपार आदर आहे, आणि म्हणूनच पुढचंही सांगायला हवं. १९१८ मध्ये भागीदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, मतभेद झाले, बोलपट आले, आणि १९४४ मध्ये नाशिकला त्यांचा मृत्यू झाला तो हलाखीत. प्रत्येक चित्रपटाला सगळंच पणाला लावायचं, अशी त्यांच्या कामाची जात होती. यश मिळेपर्यंतची चिकाटी त्यांच्याकडे होती. मिळालेलं यश सांभाळून ठेवणारी घडी मात्र त्या धंद्यात बसली नाही. गिरगावच्या बायकांनी नेमकी ती बसवली.

परत गच्चीवर येऊ. नाव मिळायलाही तीन वर्षं गेली. १९६२ मध्ये ‘लिज्जत’ हे नाव सुचवणाऱ्या धीरजबेन रुपारेल यांना पाच रुपयांचं बक्षीस दिलं गेलं. १९६२-६३ ची विक्री १ लाख ८२ हजारांच्या घरात गेली, म्हणजे पहिल्या वर्षाच्या जवळपास तीसपट. दरम्यान १९६१ मध्ये मालाडला शाखा काढायचा प्रयत्न झाला होता आणि तो फसला. त्यानंतर त्यांनी घाई केली नाही. जुलै १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. छगनबाप्पांनी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे अध्यक्ष उ. न. ढेबर यांची गाठ घालून दिली, ढेबरांनी स्वतः येऊन काम पाहिलं, आणि सप्टेंबर १९६६ मध्ये आयोगाची मान्यता आणि ८ लाखांचं खेळतं भांडवल मिळालं.

मार्च १९५९ चे ८० रुपये आणि सप्टेंबर १९६६ चे ८ लाख. दहा हजारपट रक्कम, आणि मध्ये साडेसात वर्षं. हे ८ लाख १९६० मध्येच मिळाले असते तर काय झालं असतं, असा विचार माझ्या मनात येतो. मोठी जागा घेतली गेली असती, पीठ बाहेर पाठवण्याची पद्धत कदाचित सापडलीच नसती, रोखीचा नियम सैल झाला असता. मोठा पैसा आला तेव्हा चव ठरलेली होती, हिशेबाची वही बसलेली होती, तपासणी, तोल, मजुरी सगळं हाताला वळण पडल्यासारखं झालं होतं. त्या पैशाला फक्त त्याच गोष्टी जास्त करायच्या होत्या. १९६८ मध्ये महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा गुजरातेत वालोडला निघाली. मालाडला जे जमलं नव्हतं ते दीडशे मैलांवर जमलं.

सगळंच जमत गेलं असं मात्र नाही. सत्तरच्या दशकात खाकरे, मसाले, वड्या निघाल्या, त्या चालल्या. काड्यापेट्या, चामड्याच्या वस्तू, अगरबत्त्या मात्र चालल्या नाहीत, आणि त्या सोडून दिल्या गेल्या. सोडून देणं हेही या कामाचा भागच होता. पापडाला धरून ठेवलं कारण पापडाचा हिशेब रोज जुळत होता. काड्यापेटीचा जुळला नाही, तर तिच्यासाठी पापडाची मजुरी थांबवली नाही.

आज सुमारे ४५ हजार बायका या संस्थेच्या सभासद आहेत. कुणी मालकीण नाही, कुणी नोकर नाही, सगळ्या एकमेकींना ‘बहेन’ म्हणतात. २०२१ मध्ये जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री मिळाली, गच्चीवरच्या त्या पहिल्या सकाळनंतर बासष्ट वर्षांनी.

नवी बाई सभासद व्हायला आली की तिला पीठ देण्याआधी शाखेतल्या बहेनी तिचं घर पाहून येतात. किती शिकलीस, भांडवल किती आणशील, हे तिथे कुणी विचारत नाही. घर स्वच्छ आहे का ते पाहतात, आणि मग वर बघतात, आजूबाजूला बघतात, खोली मोजतात. पापड वाळत घालायला जागा आहे ना, आणि पावसाळ्यात कुठे घालशील?